डायालिसिसवरील रोग्याचें बळ

एकत्र कुटुंबांत कोणा एकाचें दुखणें हें त्या एकट्याचें कधींच नसतें. स्वयंपाक, उपासतापास, पाहुण्यांची ये-जा, मुलांच्या परीक्षा या सर्वांवर त्याची छाया पडते. त्यांतहि मूत्रपिंडें निकामी होऊन डायालिसिस सुरू झालें म्हणजे तें दुखणें आठवड्यांतून दोन-तीन वेळां दारांत येऊन उभें राहतें आणि वर्षानुवर्षें हलत नाहीं. मधुमेह व रक्तदाब यांचा प्रसार वाढल्यापासून हें नांव ज्याच्या कानांवर गेलें नाहीं असें कुटुंब विरळाच. रुग्णालयाचा खर्च, जाण्यायेण्याची सोय, रक्ततपासणीचे आंकडे यांची चर्चा घरोघर चालते. परंतु त्या चर्चेंतून एक गोष्ट बहुधा सुटते. ती म्हणजे रोग्याच्या अंगावरील मांस व हातापायांतील शक्ति. ही गोष्ट दुय्यम नाहीं. रोगी किती दिवस जगणार व कसा जगणार, याचा मोठा संबंध तिच्याशीं आहे, असें गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनावरून दिसून आलें आहे. म्हणून कुटुंबांतील जाणत्या मंडळींनीं हा विषय नीट समजून घ्यावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

यंत्राची कामगिरी व तिची मर्यादा

निरोगी माणसाचीं दोन मूत्रपिंडें मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यांतील उपयुक्त भाग परत रक्तांत घेऊन फक्त दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. हें काम यंत्राकडून करून घेण्याची कल्पना प्रत्यक्षांत आणली ती हॉलंडमधील विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानें. १९४३ सालीं, देश जर्मनांच्या ताब्यांत असतां, कांपेन या लहानशा गांवीं त्यानें लाकडी पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलें कृत्रिम मूत्रपिंड उभें केलें. आरंभींचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ सालीं एक ६७ वर्षांची बाई मात्र शुद्धीवर आली व वांचली. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातांत कायमची नळी बसविण्याची युक्ति काढली, आणि तेव्हांपासून हा उपाय वारंवार करणें शक्य झालें. त्यांचा पहिला रोगी त्यानंतर अकरा वर्षें जगला. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं हातांतील रोहिणी व नीला एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज आपण जिला फिस्टुला म्हणतों ती हीच.

हा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें कारण असें कीं, या यंत्राबद्दल कृतज्ञता बाळगूनहि त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. तीन वेळां चार-चार तास डायालिसिस झालें तरी तें फक्त १२ तास होतें. उरलेले १५६ तास विषारी द्रव्यें, पाणी व आम्ल हीं शरीरांत सांचतच असतात. शिवाय, यंत्राच्या चाळणीस विवेक नाहीं. लहान रेणु दिसला कीं तो उपयुक्त आहे कीं निरुपयोगी हें न पाहतां ती त्यास जाऊं देते. प्रथिनांचे घटक जीं अमिनो आम्लें, तीं एका वेळच्या डायालिसिसमध्यें सुमारें ६ ते १२ ग्रॅम निघून जातात. पोटांतील पडद्यामार्फत जें डायालिसिस घरींच करितात, त्यांत तर दररोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनें द्रवाबरोबर वाहून जातात. म्हणजे रक्त शुद्ध करीत असतांनाच थोडा थोडा आहार बाहेर सांडत असतो.

मांस कां झिजतें?

आपल्या वैद्यकानें शरीराचे सप्त धातु मानिले व त्यांत रस आणि रक्त यांच्या पाठोपाठ मांसास स्थान दिलें. आधुनिक शास्त्राची परिभाषा निराळी असली तरी मांस ही निव्वळ आकार देणारी वस्तु नव्हे, तो शरीराचा सांठा आहे, याविषयीं त्याचीहि खात्री आहे. ताप, जखम, उपास अशा प्रसंगीं शरीर मांसपेशी मोडून त्यांतील प्रथिनें खर्चास काढतें. निरोगी देहांत मोडणें आणि पुन्हां बांधणें यांचा मेळ राहतो. डायालिसिसवरील देहांत मोडण्याचें पारडें जड होतें, व त्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत.

पहिलें कारण अरुचि. रक्तांत सांचलेल्या द्रव्यांमुळें तोंडाची चव जाते, मळमळतें, अन्न पुढें आलें कीं नको वाटतें. दुसरें, वर सांगितलेली अमिनो आम्लांची गळती. तिसरें कारण आम्लता. मूत्रपिंडें थांबलीं म्हणजे रक्तांतील आम्ल वाढतें, आणि तें पेशींतील मोडतोडीच्या यंत्रणेस जणूं चेतावणी देतें. टाकाऊ प्रथिनांवर युबिक्विटिन नांवाची खूण चिकटवून त्यांचे तुकडे करणारी ही यंत्रणा शोधून काढल्याबद्दल चिएकानोव्हर, हेर्श्को व रोझ या तिघां शास्त्रज्ञांस २००४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. एरवीं ती घरांतील केर काढणाऱ्या गड्यासारखी उपयोगी. पण आम्लता वाढली कीं केराबरोबर घरांतील भांडींहि बाहेर टाकूं लागते. चौथें, शरीरांत सतत धुमसणारा दाह. मग तो मानेतील नळीच्या जंतुसंसर्गामुळें असो, दांतांच्या विकारामुळें असो वा खुद्द रोगामुळें असो. पांचवें, मधुमेह व इन्सुलिनचा मंदावलेला प्रभाव. आणि सहावें, जें सर्वांत साधें व म्हणून सर्वांत दुर्लक्षित, तें म्हणजे निश्चलपणा. चार तास एका जागीं पडून राहणें, घरीं आल्यावर थकव्यानें झोपणें, दुसरा दिवस विश्रांतींत घालविणें, आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां तोच क्रम. ज्या पायांस काम नाहीं ते पाय राहत नाहींत.

वयोमानानें होणाऱ्या अशा झिजेस १९८९ सालीं अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग यांनीं सार्कोपीनिया असें ग्रीक धातूंवरून नांव दिलें. त्याचा सरळ अर्थ मांसाचें दारिद्र्य. मूत्रपिंडाच्या रोग्यांत मांसाबरोबर शक्तीचा एकूण सांठाच ओसरतो, म्हणून २००८ सालीं या विषयांतील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळीनें त्यास प्रथिन-शक्तिक्षय या अर्थाचें निराळें नांव दिलें व तो ओळखण्याचीं लक्षणें ठरविलीं.

तराजू व कागद यांची फसवणूक

आतां कोणी म्हणेल, मांस झिजलें तर वजनकांट्यावर कळणार नाहीं काय? येथेंच मोठी मेख आहे. डायालिसिसवरील रोग्याचें वजन दर खेपेस घेतात. परंतु मांस कमी झालें व त्याच्या जागीं पाणी सांठलें तर कांटा जेथल्या तेथेंच राहतो. ज्याला डॉक्टर कोरडें वजन म्हणतात, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचें खरें वजन, तें सहा महिन्यांपूर्वीं ठरविलेलें असतें आणि मध्यंतरीं तीन किलो मांस गेलेलें असतें. मग तेवढेंच तीन किलो पाणी अंगांत राहूं दिलें जातें. रक्तदाब वाढतो, दम लागतो, आणि वजन उत्तम आहे असें समाधान मात्र कायम राहतें.

दुसरी फसवणूक क्रिएटिनीन या आंकड्याची. मूत्रपिंडाचा रोग सुरू झाल्यापासून घरांतील प्रत्येक माणूस या आंकड्याकडे डोळे लावून बसलेला असतो. तो वाढला कीं चेहरे उतरतात. परंतु क्रिएटिनीन हें मुख्यतः मांसपेशींतून उत्पन्न होतें. डायालिसिस नियमित चालूं असतां तपासणींतील आंकडा महिन्यामागून महिना खालीं येऊं लागला, तर त्याचा अर्थ मूत्रपिंडें सुधारलीं असा क्वचितच असतो. पुष्कळदां क्रिएटिनीन निर्माण करणारें मांसच उरलें नाहीं, असा असतो. माझ्या परिचयाच्या एका घरीं आंकडा अकरावरून सातावर आला म्हणून पेढे वांटले गेले. त्याच महिन्यांत त्या गृहस्थांस ओसरीची पायरी भिंतीचा आधार घेतल्यावांचून चढतां येईना. या दोन गोष्टी एकच आहेत, हें त्या घरांत कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

हा केवळ तर्क नव्हे. १९९० सालीं अमेरिकेंतील लॉरी व ल्यू या संशोधकांनीं बारा हजारांहून अधिक डायालिसिसवरील रोग्यांच्या तपासण्या पडताळून पाहिल्या. ज्यांच्या रक्तांत अल्ब्युमिन हें प्रथिन कमी व क्रिएटिनीनहि कमी, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. पुढें असेंहि दिसून आलें कीं, सामान्य लोकांत जो स्थूलपणा घातक मानितात, तोच डायालिसिसवरील रोग्यांत पुष्कळदां दीर्घायुष्याबरोबर आढळतो. यावरून तूप-साखर वाढवावी असा निष्कर्ष कोणी काढूं नये. ज्याच्यापाशीं सांठा आहे तो दुखण्याचा दुष्काळ अधिक काळ सोसतो, एवढेंच त्यांतून घ्यावयाचें.

पथ्याचा घोटाळा

आपल्या घरांत पथ्यास फार मान आहे व तो योग्यहि आहे. परंतु पथ्य रोगाच्या अवस्थेप्रमाणें बदलतें. मूत्रपिंडें अधू झालीं आहेत पण डायालिसिस सुरू झालेलें नाहीं, अशा अवस्थेंत डॉक्टर प्रथिनें कमी करावयास सांगतात. मधुमेह नसल्यास वजनाच्या प्रत्येक किलोमागें दिवसास ०.५५ ते ०.६० ग्रॅम, असल्यास ०.६ ते ०.८ ग्रॅम. त्यामुळें डाळ मोजून, दूध अर्धा कप, अशी शिस्त घरास लागते. पुढें डायालिसिस सुरू होतें आणि त्याबरोबर नियम उलटतो. आतां २०२० सालच्या मान्य मार्गदर्शनाप्रमाणें किलोमागें १.० ते १.२ ग्रॅम प्रथिनें हवींत. ६० किलो वजनाच्या माणसास पूर्वीं जीं ३३ ते ३६ ग्रॅम पुरत होतीं, तींच आतां ६० ते ७२ ग्रॅम लागतात. परंतु स्वयंपाकघरांतील जुनी शिस्त कोणी बदलत नाहीं. वर्षापूर्वीं भिंतीवर लाविलेला पथ्याचा कागद तसाच राहतो, आणि सासूबाई किंवा सूनबाई मोठ्या निष्ठेनें रोग्याची उपासमार करीत राहतात. यांत दोष निष्ठेचा नाहीं. कागद बदलावयास हवा हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें.

शाकाहारी घरांत तर हा हिशेब जाणून मांडावा लागतो. चार पोळ्यांत सुमारें १४ ग्रॅम प्रथिनें, दोन वाट्या घट्ट वरणांत १४, भातांत ५, पाव लिटर दूध-दह्यांत ८, आणि ६० ग्रॅम पनीर घेतल्यास ११. बेरीज ५२. म्हणजे एवढें सर्व धड जेवूनहि साठाचा आंकडा गांठला जात नाहीं. आणि अरुचि असलेला रोगी यांतील निम्मेंच खातो! म्हणून घरीं पनीर करणें, दही टांगून चक्का काढणें, चालत असेल त्या घरीं अंड्याचा पांढरा भाग देणें, आणि तेवढ्यानें न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रथिनांची पूड घेणें हे मार्ग आहेत. प्रथिनांच्या जोडीस पुरेशी उष्णता, म्हणजे किलोमागें २५ ते ३५ कॅलरी, पोटांत गेली पाहिजे. नाहीं तर खाल्लेलीं प्रथिनें चुलींत सरपण म्हणून जळून जातात.

याचा अर्थ सगळींच बंधनें उठलीं असा नव्हे. पोटॅशियम वाढल्यास हृदय बंद पडूं शकतें. म्हणून नारळाचें पाणी, फळांचे रस, बटाटा, रताळें यांबद्दल सावध राहावें. भाज्या चिरून भरपूर पाण्यांत उकडून तें पाणी टाकून द्यावें. कमरख हें फळ तर मूत्रपिंडाच्या रोग्यास विषासमान आहे. त्यानें उचकी, भ्रम, झटके व मृत्युहि ओढवल्याचीं उदाहरणें आहेत. कमी सोडियमचें म्हणून जें मीठ विकतात, त्यांत पुष्कळदां पोटॅशियमचाच क्षार असतो. आणि सैंधव म्हणून घेतलें तरी तें मीठच. दूध-पनिरांत फॉस्फरस असतो. त्याकरितां दिलेल्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. हा सर्व तोल घरच्या अंदाजानें सांभाळतां येत नाहीं. आहारतज्ज्ञांपुढें दर महिन्याचा रक्ताचा कागद ठेवून तो ठरवून घ्यावा.

उपासाविषयीं दोन शब्द स्पष्टपणें लिहितों. साबूदाण्यांत पिष्टाशिवाय जवळजवळ कांहीं नाहीं. त्याच्या जोडीस बटाटा व रताळें आलीं कीं पोटॅशियमची भर. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे महिन्याचे पांच-सहा दिवस याप्रमाणें गेले, तर झिजलेल्या देहास ती तूट भरून काढतां येत नाहीं. आपल्या धर्मव्यवहारांत आजाऱ्यास व्रतांतून सूट आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. वडिलधाऱ्यांनीं ती सूट आपण होऊन द्यावी, म्हणजे रोग्याच्या मनांत अपराधाचा कांटा राहणार नाहीं.

बळाची परीक्षा

मांस मोजण्यास मोठीं यंत्रें लागतात. बळ मोजण्यास एक खुर्ची व एक घड्याळ पुरतें. स्वीडनमध्यें ३३० रोग्यांवर झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, मांस किती आहे यापेक्षां त्यांत शक्ति किती आहे यावरून पुढील धोका अधिक चांगला कळतो. २०१९ सालीं आशियांतील तज्ज्ञांनीं आपल्यासारख्या लोकांकरितां प्रमाणें ठरविलीं, तीं अशीं: हात छातीशीं धरून खुर्चीवरून पांच वेळां उठबस करण्यास १२ सेकंद वा अधिक लागणें, चालण्याचा वेग सेकंदास एक मीटरहून कमी असणें, पोटरीचा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी भरणें, हाताच्या पकडीचें बळ पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोहून कमी असणें. पायांस सूज असेल तर पोटरीच्या मापावर विसंबूं नये. उठबशीची परीक्षा जवळ कोणी उभें असतांनाच, आणि डायालिसिसच्या दिवशीं न घेतां, मधल्या दिवशीं घ्यावी. दोन महिन्यांनीं पुन्हां मोजून आंकडा वहींत टिपावा व तो डॉक्टरांस दाखवावा.

हालचालीचा उपाय

इटलींत सुमारें तीनशें डायालिसिसवरील रोग्यांपैकीं अर्ध्यांस घरच्या घरीं सोसेल तेवढें चालण्याचा नेम लावून दिला. सहा महिन्यांनंतर, सहा मिनिटांत जें अंतर ते सरासरी ३२८ मीटर चालत, तें ३६७ मीटर झालें; ज्यांस हा नेम नव्हता ते ३२१ वरून ३२४ वरच राहिले. हें संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. २०२३ सालीं जर्मनींतील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तेथें नऊशेंहून अधिक रोग्यांची पाहणी झाली. कांहींकडून डायालिसिस चालूं असतांनाच पलंगावर पायांचा व्यायाम करून घेतला. वर्षानंतर एका मिनिटांतील त्यांच्या उठबशा सरासरी १६ वरून १९ वर गेल्या. ज्यांनीं व्यायाम केला नाहीं, त्यांच्या १६ वरून १५ पेक्षांहि खालीं उतरल्या. हा दुसरा आंकडा विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कांहींच न करणें म्हणजे आहे तेथें राहणें नव्हे, तें हळूहळू खालीं जाणें होय.

अर्थात् डॉक्टरांस विचारल्यावांचून आरंभ करूं नये. छातींत दुखणें, दम, चक्कर अथवा पायांतील सूज असतां व्यायाम थांबवावा. फिस्टुलाच्या हातानें जड ओझें उचलूं नये. प्रारंभ पांच मिनिटांच्या चालण्यानें व दोन-चार उठबशांनीं करावा. रक्तांतील आम्लता, रक्ताची कमतरता, ड जीवनसत्त्व, जंतुसंसर्ग यांचा बंदोबस्त डॉक्टरांकडून बरोबरीनें झाला पाहिजे. पैशाच्या वा अंतराच्या अडचणीनें तीन खेपांच्या दोन केल्या, तर विषारी द्रव्यें वाढून भूकच मरते. तेव्हां डॉक्टरांनीं ठरविलेली खेप चुकवूं नये. गरीब रोग्यांकरितां २०१६ सालीं केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांतून डायालिसिसची राष्ट्रीय योजना सुरू केली आहे, तिची चौकशी अवश्य करावी.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. बळ कमी असणारे रोगी लवकर दगावतात हें सिद्ध आहे. परंतु बळ वाढविल्यानें आयुष्य इतक्या वर्षांनीं वाढतेंच, असें अद्याप कोणी सिद्ध केलेलें नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? तर स्वतःच्या पायांनीं न्हाणीघरापर्यंत जाणें, पानावर मांडी घालून बसणें, नातवाचें बोट धरून देवळापर्यंत चालणें, पडून खुब्याचें हाड न मोडणें, यांसाठीं. ज्याला हें साधतें त्याचा दिवस परावलंबी होत नाहीं, आणि दीर्घ दुखण्यांत यापेक्षां मोठा लाभ थोडाच असतो.

कुटुंबाचें कर्तव्य

आपल्या घरांतील माया पुष्कळदां रोग्यास अंथरुणाला खिळवून ठेवते. "नाना, उठूं नका, मी पाणी आणतें," असें सूनबाई प्रेमानेंच म्हणतात. पण दिवसांतून दहा वेळां असें झालें, तर नानांच्या दहा उठबशा गेल्या! तांब्या चार पावलांवर ठेवावा, वर्तमानपत्र दुसऱ्या खोलींत असावें, आणि आपण शेजारीं उभें राहून त्यांस उठूं द्यावें. पाणी मात्र मोजूनच घ्यावयाचें, हें तांब्या भरतांनाच ठरवावें.

उलट, रोगी घरची स्त्री असेल तर अडचण निराळी. सर्वांस वाढून शेवटीं जेवण्याची जिची सवय, तिच्या वाट्यास वरणाचा तळ व दह्याचें पाणी येतें. तिची ६० ग्रॅमची बेरीज कोणी करीत नाहीं, आणि तीहि ती मागत नाहीं. अशा घरीं कर्त्या पुरुषानें तिचें पान पहिल्या पंक्तींत मांडावें व तिच्या वाटींत काय पडलें इकडे स्वतः लक्ष द्यावें.

पुढच्या खेपेस रुग्णालयांत जाल तेव्हां डॉक्टरांस तीन प्रश्न अवश्य विचारा: यांचें कोरडें वजन शेवटीं केव्हां तपासलें? यांनीं दिवसास किती प्रथिनें खावींत? आणि यांनीं कोणती हालचाल करावी? उत्तरें कागदावर लिहून घ्या, आणि भिंतीवरील जुना कागद काढून त्याच्या जागीं तीं लावा.